सजीवांची मुळाक्षरे

(द्वितीय वर्ष बी. ए.)

विज्ञानाशी माझा संबंध दहावीच्या परीक्षेबरोबर संपला, असे मी समजत होते. मराठी, इतिहास आणि समाजशास्त्र हे माझे विषय. रेणू, आम्ले, पेशी हे शब्द पलीकडच्या विज्ञान शाखेच्या इमारतीतले. आपण त्या इमारतीच्या सावलीत फक्त सायकल लावायची, असा आम्हा कला शाखेच्या विद्यार्थ्यांचा रिवाज. गेल्या हिवाळ्यात राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात हा रिवाज मोडण्याची पाळी माझ्यावर आली.

शिबिरात एक दिवस रक्ततपासणी होती. बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब काचेच्या लहान नळीतील द्रावणात टाकायचा आणि नळीमागे काळ्या रेघा आखलेला कागद धरायचा. रेघा स्पष्ट दिसल्या की पुढच्याचा नंबर. माझ्या नळीतले द्रावण गढूळ झाले. मागच्या रेघा दिसेनात. मग दंडातून रक्त घेतले, ते मोठ्या तपासणीला गेले आणि काही दिवसांनी एक कागद हातात पडला. त्यावर लिहिले होते : सिकलसेल वाहक. डॉक्टर म्हणाले, "तुम्ही आजारी नाही. फक्त लग्न ठरवताना मुलाचीही तपासणी करून घ्या."

घरी आईने तो कागद लुगड्यांच्या पेटीत तळाशी ठेवला आणि म्हणाली, "कोणाला सांगू नको."

तिच्या भीतीला कारण होते. माझ्या आत्याच्या धाकट्या मुलाला हाच आजार आहे. तो लहानपणापासून रात्र-रात्र हातपाय दुखतात म्हणून रडायचा. डोळे पिवळे व्हायचे. पोटुशी असताना ग्रहणाच्या दिवशी आत्याने विळ्याने गवत कापले होते. पुढे दवाखान्यात कोणीतरी तिला सांगितले की, मुलाच्या रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या आहेत. झाले! ग्रहण, विळा आणि मुलाचे दुखणे यांची गाठ तिच्या मनात पक्की बसली. घरातल्या वडीलधाऱ्यांनीही ती सोडवली नाही. चौदा वर्षे ती स्वतःला दोष देत आली. आणि याच आत्याचा थोरला मुलगा हा माझा होणारा नवरा, असे दोन्ही घरांत बोलल्यासारखे होते.

त्या कागदाचा अर्थ कळावा म्हणून मी ग्रंथालयातून पुस्तके आणली. सिकलसेल समजायचा तर हिमोग्लोबिन समजायला हवे. हिमोग्लोबिनसाठी प्रथिने, प्रथिनांसाठी आनुवंशिकता. एक धागा ओढला आणि सगळे लुगडे हाती आले. जे समजले ते माझ्यासारख्याच विज्ञान सोडून दिलेल्या मित्रमैत्रिणींसाठी येथे मांडते.

एकाच मातीची भांडी

माणूस, बैल, धानाचे रोप, डबक्यातला जंतू ही सगळी सजीव सृष्टी किती वेगवेगळी दिसते! पण तिचा कच्चा माल फार थोडा आहे. आपल्या शरीराच्या वजनापैकी सुमारे ९६ टक्के भाग प्राणवायू म्हणजे ऑक्सिजन, कार्बन, हायड्रोजन आणि नायट्रोजन या चारच मूलद्रव्यांचा असतो. त्यांत फॉस्फरस व गंधक ही दोन मिळवली की सजीवांच्या मुख्य रेणूंची सामग्री पुरी झाली. कॅल्शियम, लोह वगैरे इतर मूलद्रव्ये लागतात, पण कमी प्रमाणात.

या सामग्रीत कार्बन हा मुख्य मानकरी. त्याचा प्रत्येक अणू चार हात पुढे करतो. त्यामुळे कार्बनच्या साखळ्या होतात, फांद्या फुटतात, कडी तयार होतात. एवढे प्रकार दुसऱ्या मूलद्रव्याला सहसा साधत नाहीत.

सजीवांतील हे पदार्थ घडवायला एखादी खास 'जीवनशक्ती' लागते, असे पूर्वी विद्वानही मानीत. १८२८ साली जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रीडरिख व्योलर यांनी मूत्रात सापडणारा युरिया हा पदार्थ प्रयोगशाळेत, मूत्रपिंडाच्या मदतीशिवाय तयार केला आणि त्या समजुतीला पहिला मोठा तडा गेला. सजीवांचे रसायन हे त्याच अणूंचे, त्याच नियमांचे रसायन आहे. हा युरिया वाचकांनी लक्षात ठेवावा. शेवटी त्याची पुन्हा गाठ पडणार आहे.

पाणी वगळले, तर सजीवांच्या शरीरातील मुख्य रेणूंचे चार वर्ग पडतात : कर्बोदके, स्निग्ध पदार्थ, प्रथिने आणि न्यूक्लिइक आम्ले. पहिले तीन आपल्या ताटात रोज ओळखू येतात. चौथाही ताटात असतोच, पण त्याचे नाव कोणी घेत नाही.

भात आणि तणस

भाताचा घास न गिळता बराच वेळ चावत राहा. थोड्या वेळाने तो गोडसर लागू लागतो. भातात साखर घातलेली नसते. मग गोडी कुठून आली?

भातातील मुख्य पदार्थ स्टार्च. तो म्हणजे ग्लुकोज या साध्या साखरेच्या शेकडो-हजारो रेणूंची माळ. ग्लुकोजच्या एका रेणूत कार्बनचे ६, हायड्रोजनचे १२ आणि ऑक्सिजनचे ६ अणू असतात. आपल्या लाळेत अमायलेज नावाचा पदार्थ असतो. तो ही माळ तोडून लहान, गोड तुकडे करतो. पुढे आतड्यात सुटे ग्लुकोज होऊन ते रक्तात जाते आणि त्यापासून शरीराला शक्ती मिळते. उरलेल्या ग्लुकोजच्या पुन्हा माळा ओवून शरीर त्या यकृतात व स्नायूंत ठेवते. त्यांना ग्लायकोजेन म्हणतात.

आता गंमत अशी की, धानाचा दाणा आपण खातो आणि तणस बैलापुढे टाकतो. तणसात मुख्यतः सेल्युलोज असते. हे सेल्युलोजही ग्लुकोजचीच माळ! मणी तेच, फक्त एका मण्याशी दुसरा मणी जोडण्याची तऱ्हा निराळी. स्टार्चची जोडणी आपले शरीर सोडवू शकते, सेल्युलोजची सोडवू शकत नाही. बैलालाही ती स्वतःहून सोडवता येत नाही. त्याच्या पोटातील असंख्य सूक्ष्म जंतू त्याच्यासाठी ते काम करतात. जोडणी बदलली की त्याच मण्यांतून माणसाचे अन्न होते किंवा गुराचा चारा. मला येथे पहिला धडा मिळाला. पदार्थ कशाचा आहे एवढे विचारून भागत नाही, तो कसा जोडला आहे हेही विचारावे लागते.

तेल आणि पाणी

दुसरा वर्ग स्निग्ध पदार्थांचा. जवसाचे तेल, तूप, मेण हे सारे यातले. कर्बोदकांच्या लांब माळा असतात, तशा यांच्या नसतात. तेलाच्या एका रेणूत ग्लिसरॉलचा एक लहान कणा आणि त्याला चिकटलेली मेदाम्लांची तीन लांब शेपटे असतात. शेपटे सरळ असली की रेणू एकमेकांना लगटून बसतात, म्हणून तूप थंडीत थिजते. शेपटांत बाक असला की ते नीट रचले जात नाहीत, म्हणून जवसाचे तेल पातळच राहते.

स्निग्ध पदार्थ हे शरीराचे कोठार आहे. एक ग्रॅम स्टार्चपासून सुमारे ४ किलोकॅलरी ऊर्जा मिळते, तर तेवढ्याच मेदापासून सुमारे ९. पण त्यांचे याहून मोठे काम दुसरेच आहे. पाण्यावर तेल टाकले तर तेलाचे थेंब पाण्यापासून दूर सरून एकमेकांत मिसळतात. हा पाणी टाळण्याचा स्वभाव सजीवांनी मोठ्या खुबीने वापरला आहे. फॉस्फरस असलेल्या काही स्निग्ध रेणूंचे डोके पाण्याकडे ओढ घेते आणि शेपटे पाण्यापासून पळतात. असे रेणू पाण्यात आपोआप दुपदरी पडदा तयार करतात : डोकी दोन्ही बाजूंना बाहेर, शेपटे आत लपलेली. प्रत्येक सजीव पेशीभोवती असा पडदा असतो. त्याच्याशिवाय पेशीला आत नाही आणि बाहेर नाही.

तेलाचा हा पाणी टाळण्याचा स्वभाव ध्यानात ठेवावा. माझ्या त्या कागदाचे रहस्य त्यातच आहे.

वीस मणी

तिसरा वर्ग प्रथिनांचा. 'प्रथिने म्हणजे डाळ, अंडी, मांस. ती खाल्ल्याने शरीर वाढते,' एवढे आपण शाळेत शिकतो. ते खरे असले, तरी फारच अपुरे आहे. स्नायू प्रथिनांचे, केस आणि नखे प्रथिनांची. लाळेतील अमायलेज हे प्रथिन. इन्शुलिन हेही प्रथिन. पेशीत जी कामे होतात, त्यांतील बहुतेक प्रथिनेच करतात.

प्रथिन ही अमिनो आम्लांची माळ असते. स्टार्चमध्ये सगळे मणी एकाच प्रकारचे. प्रथिनांत वीस प्रकारचे मणी. कोणी मोठा, कोणी लहान, कोणावर विजेचा भार, कोणाला पाण्याची ओढ, तर कोणाचा स्वभाव तेलाचा. ते कोणत्या क्रमाने ओवले यावर माळ कशी दुमडेल आणि तिचा आकार काय होईल हे ठरते. आकारावर काम ठरते. अंडे उकडले की पांढरे घट्ट होते ते यामुळेच. उष्णतेने माळा तुटत नाहीत. त्यांच्या घड्या उलगडतात आणि माळा एकमेकींत गुंततात. ते अंडे गार केले तरी पूर्ववत होत नाही.

मण्यांचा क्रम निश्चित असतो, हे ब्रिटिश शास्त्रज्ञ फ्रेडरिक सँगर यांनी इन्शुलिनवर दाखवून दिले. त्यातील ५१ अमिनो आम्लांचा क्रम त्यांनी लावला आणि १९५८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

वीसपैकी नऊ अमिनो आम्ले आपल्या शरीराला बनवता येत नाहीत. ती अन्नातून यावी लागतात. भातात लायसिन कमी, ते डाळीत भरपूर. डाळीत मेथिओनिन कमी, ते भातात बऱ्यापैकी. एकाचे उणे दुसऱ्याने भरून निघते. माझी आजी एक दिवसही शाळेत गेली नव्हती. पण नुसता भात पोरांना वाढायचा नाही, वर वरण हवेच, हा तिचा दंडक होता. रसायनशास्त्राने तिच्या बाजूने निकाल दिला, याचा मला फार आनंद झाला.

चार अक्षरांची पोथी

मग हा क्रम कोण ठरवते? पेशीला कसे कळते की पहिला मणी हा, दुसरा तो?

उत्तर चौथ्या वर्गात आहे. १८६९ साली फ्रीडरिख मीशर या तरुण स्विस शास्त्रज्ञाने जर्मनीत ट्युबिंगन येथे जखमांवरच्या पट्ट्यांना लागलेल्या पुवातून एक अपरिचित पदार्थ वेगळा काढला. तो पेशीच्या केंद्रकातला होता. आज आपण त्याला डी. एन. ए. म्हणतो. आनुवंशिक गुणांची नोंद याच पदार्थात असते, याचा भक्कम पुरावा मिळायला १९४४ साल उजाडावे लागले. १९५३ साली वॉटसन आणि क्रिक यांनी त्याची रचना मांडली : एकमेकींभोवती पीळ घेतलेल्या दोन माळा. रोझलिंड फ्रँकलिन यांच्या क्ष-किरणांच्या कामाचा या शोधात मोठा वाटा होता. १९६२ साली नोबेल पारितोषिक वॉटसन, क्रिक आणि विल्किन्स यांना मिळाले. त्याआधीच, १९५८ साली, फ्रँकलिन अवघ्या ३७ व्या वर्षी वारल्या होत्या.

डी. एन. ए.च्या माळेत चारच अक्षरे : ए, टी, जी आणि सी. एका माळेत ए असेल तेथे समोर टी, जी असेल तेथे समोर सी. त्यामुळे एक माळ हाती असली की दुसरी अचूक लिहिता येते. पेशी दुभंगताना पोथीची नक्कल होते ती अशी. माणसाच्या बाबतीत ही पोथी सुमारे ३०० कोटी जोड्यांची आहे. आईकडून एक प्रत, वडिलांकडून एक प्रत. प्रत्येक प्रत एवढी मोठी.

या पोथीतील लागणारा भाग आर. एन. ए. हा दुसरा न्यूक्लिइक आम्लाचा रेणू उतरवून घेतो आणि त्या उताऱ्याबरहुकूम पेशीतील कारखान्यात प्रथिनांचे मणी ओवले जातात. तीन-तीन अक्षरांचा एक शब्द, आणि एका शब्दामागे एक अमिनो आम्ल. असे ६४ शब्द होतात. त्यांपैकी ६१ अमिनो आम्लांसाठी आणि तीन 'येथे थांबा' असे सांगणारे.

हा शब्दकोश लावणाऱ्यांत डॉ. हरगोविंद खोराना होते. पंजाबातील रायपूर या लहानशा खेड्यात त्यांचा जन्म झाला; ते गाव आज पाकिस्तानात आहे. वडील पटवारी. शंभरेक वस्तीच्या त्या गावात लिहिता-वाचता येणारे घर जवळजवळ त्यांचेच एक होते, असे त्यांनी स्वतः नमूद केले आहे. ज्या गावात अक्षर ओळखणारे घर एकच, तेथला मुलगा सजीवांच्या अक्षरांचा अर्थ लावतो आणि १९६८ साली नोबेल पारितोषिकाचा एक मानकरी होतो, हे वाचून मी पुस्तक मिटून काही वेळ तशीच बसून राहिले.

हा शब्दकोश, अगदी थोडे अपवाद सोडले, तर सर्व सजीवांत एकच आहे. जो शब्द माझ्या पेशीत ज्या अमिनो आम्लासाठी आहे, तोच बैलाच्या आणि धानाच्या पेशीतही त्याच अमिनो आम्लासाठी आहे. 'आमचे रक्तच वेगळे' असे म्हणणारी माणसे आपण सर्वांनी पाहिली आहेत. त्यांच्या रक्ताची मुळाक्षरेही हीच.

सहावा मणी

आता माझ्या कागदाकडे येते. रक्ताच्या तांबड्या पेशीत हिमोग्लोबिन हे प्रथिन ठासून भरलेले असते. फुप्फुसातून प्राणवायू उचलायचा आणि शरीरभर पोचवायचा हे त्याचे काम. त्याच्या एका रेणूत चार माळा असतात : १४१ मण्यांच्या दोन आणि १४६ मण्यांच्या दोन. म्हणजे एकूण ५७४ मणी.

१४६ मण्यांच्या माळेत सहावा मणी ग्लुटॅमिक आम्लाचा असतो. त्याच्यावर विजेचा भार असतो आणि त्याला पाण्याची ओढ असते. सिकलसेलमध्ये त्या जागी व्हॅलिन हे अमिनो आम्ल येते, आणि व्हॅलिनचा स्वभाव तेलाचा. बाकी सगळे मणी जागच्या जागी. पोथीत पाहिले तर जी-ए-जी या शब्दाच्या जागी जी-टी-जी असा शब्द पडलेला. मधले एक अक्षर बदललेले. आपल्या भाषेत 'नगर' लिहिताना मधल्या अक्षरात चूक झाली आणि 'नजर' झाले, तसे. दोन्ही शब्द शुद्धच. पण वाक्याचा अर्थ गेला.

परिणाम काय होतो? प्राणवायू सोडून दिल्यावर हे बदललेले हिमोग्लोबिन, पाण्यातल्या तेलाच्या थेंबांप्रमाणे, एकमेकांना चिकटू लागते. रेणूला रेणू लागून ताठ दोरे तयार होतात आणि गोल, लवचिक पेशी आतून ताणली जाऊन विळ्यासारखी होते. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. तेथे प्राणवायू पोचत नाही आणि असह्य वेदना होतात. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही १० ते २० दिवसांतच फुटते. म्हणून रक्त कमी आणि डोळे पिवळे. शिबिरातल्या नळीत माझ्या रक्ताचे द्रावण गढूळ झाले, तेही या न विरघळणाऱ्या हिमोग्लोबिनामुळेच.

या विळ्यासारख्या पेशींची नोंद वैद्यकशास्त्रात प्रथम १९१० साली झाली. शिकागोचे डॉ. जेम्स हेरिक यांनी ग्रेनेडा बेटावरून दंतवैद्यक शिकायला आलेल्या एका विद्यार्थ्याच्या रक्तातील पेशींचे वर्णन छापले. १९०४ साली तो प्रथम रुग्णालयात आला, तेव्हा वीस वर्षांचा होता, म्हणजे आपल्याच वयाचा. १९४९ साली लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विजेच्या साहाय्याने दोन्ही हिमोग्लोबिने वेगळी करून दाखवली आणि याला 'रेणूचा आजार' म्हटले. मोठी तपासणी आजही याच तत्त्वावर करता येते. १९५६-५७ मध्ये व्हर्नन इन्ग्रॅम यांनी केंब्रिज येथे दोष नेमक्या एका मण्यापर्यंत नेऊन भिडवला.

भारतात हा बदल १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींत प्रथम आढळला. आज तो मध्य भारताच्या मोठ्या पट्ट्यात, आपल्या विदर्भात आणि नंदुरबारकडे आढळतो. आदिवासींत, तसेच इतर अनेक जातींतही. तो टिकला का, याचेही उत्तर सापडले आहे. ज्याला एकाच बाजूने हा बदल मिळतो त्याला मलेरियाच्या जीवघेण्या स्वरूपापासून बरेच संरक्षण मिळते, हे ए. सी. ॲलिसन यांनी १९५४ साली आफ्रिकेतील अभ्यासावरून दाखवले. हिवतापाच्या मुलखात आपल्या कोण्या पूर्वजाचा जीव या अक्षराने वाचवलाही असेल.

वाहक म्हणजे काय, हेही आता सांगता येते. माझ्याकडे पोथीच्या दोन प्रती. एकीत शब्द जुना, एकीत बदललेला. जुन्या प्रतीमुळे चांगले हिमोग्लोबिन पुरेसे तयार होते, म्हणून मी धडधाकट आहे. आई व बाप दोघेही वाहक असले, तर मात्र प्रत्येक बाळंतपणात चारपैकी एक शक्यता आजाराची, दोन वाहकाच्या आणि एक संपूर्ण मोकळी. एकदा आजारी मूल झाले म्हणून पुढचे निरोगीच होईल असे नाही; हिशेब दर वेळी नव्याने सुरू होतो. दोघांतील एकच वाहक असेल, तर मुलांत हा आजार येत नाही. फार तर ती वाहक होतात.

आत्याच्या ओसरीवर

आईला हे पटवायला मला महिना लागला. मग आम्ही दोघी आत्याकडे गेलो. जत्रेतून आणलेले रंगीत मणी मी बरोबर नेले होते. ओसरीवर बसून मी दोन दोरे ओवले : एकात सहावा मणी पांढरा, दुसऱ्यात सहावा मणी लाल. बाकी सारखे. आत्याला सांगितले की, लाल मण्याचा एक दोरा तुझ्याकडे तुझ्या माहेरून आला, तोच माझ्या बाबांकडून मला आला. दुसरा तसाच दोरा मामांकडे त्यांच्या घरातून आला होता. मूल पोटात राहिले त्याच घडीला दोन्ही लाल दोरे त्याच्या वाट्याला आले. ग्रहण त्यानंतर कित्येक महिन्यांनी लागले. तोपर्यंत जे व्हायचे ते होऊन गेले होते.

आत्या बराच वेळ तो दोरा बोटांत फिरवीत राहिली. मग म्हणाली, "म्हंजे माह्या इळ्यानं काहीच नाही झालं?"

"काहीच नाही, आत्या. विळ्याचं फक्त नाव आहे."

ती रडली. आईही रडली. मी रडले की नाही, ते येथे लिहीत नाही.

थोरला पुढच्या आठवड्यात आपणहून तपासणीला गेला. तोही वाहक निघाला. दोन्ही घरे एकत्र बसली आणि आमच्या लग्नाची गोष्ट तेथेच संपली. आत्याला वाईट वाटले. पण आमच्याकडे येणे तिने सोडले नाही. हे सारे लिहिण्याआधी मी त्या तिघांनाही विचारले आहे.

धाकटा आता हायड्रॉक्सीयुरिया हे औषध घेतो. व्योलर यांनी १८२८ साली केलेल्या त्या युरियाचेच हे भावंड. आईच्या पोटात असताना बाळाचे हिमोग्लोबिन वेगळे असते. त्यात हा सहावा मणी असलेली माळच नसते. जन्मानंतर ते कमी होत जाते. या औषधाने ते पुन्हा वाढते आणि वेदनांचे झटके कमी होतात. २०२३ साली ब्रिटन व अमेरिकेत पेशीच्या पोथीतच दुरुस्ती करणाऱ्या उपचाराला मान्यता मिळाली. अमेरिकेत त्याची किंमत २२ लाख डॉलर ठरली, म्हणजे आमच्या गावाच्या आवाक्याबाहेरची. रक्ततपासणी मात्र आपल्या आवाक्यात आहे. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट ठेवले आहे. आपण सारे त्या वयाचे आहोत. पत्रिका पाहण्याआधी हा एक कागद पाहिला, तर चौदा-चौदा वर्षे कोणाला स्वतःला दोष देत बसावे लागणार नाही.

माझा कागद आईने परवा पेटीतून काढून मला परत दिला. म्हणाली, "तुझ्या पुस्तकांत ठेव." त्याप्रमाणे तो आता माझ्या पुस्तकांतच आहे.